वाशीहून अलिबागला सायकलवर, परतीला बोट: पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

मुंबई-नवी मुंबईतल्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये नवीन आलेला माणूस महिन्याभरात एकदा तरी विचारतो, "अलिबाग कधी काढायचं?" विचारणं साहजिक आहे. अंतर शंभरीच्या आसपास, वाटेत मोठा घाट नाही, शेवटी समुद्र, वर परतीला बोट. नवख्या माणसाला दिवसभराच्या राईडची चव घ्यायला याहून सोपा रस्ता इकडे नाही. पण सोपा म्हणजे बिनहिशेबी नव्हे. ही राईड फसते ती बहुतेक वेळा पायांमुळे फसत नाही, घड्याळामुळे फसते. परतीची बोट अलिबागच्या पुढे मांडवा जेट्टीवरून सुटते, आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून बेत आखायला बसलात की वाशीपासून सुरुवात करू नका. बोटीपासून उलटं मोजत या.

आधी बोट, मग बाकी सगळं

मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो बोट २०२० पासून चालते. गाड्या, माणसं आणि सायकली सगळं घेते आणि साधारण तासाभरात मुंबईत सोडते. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे ग्रुपवर कोणीतरी टाकलेला जुना फोटो बघून ठरवू नका. आदल्या दिवशी स्वतः तपासा आणि बुकिंग करून ठेवा. रविवारी संध्याकाळी वीकेंडची सगळी मुंबई त्याच बोटीने परतत असते. गेटवेला जाणाऱ्या साध्या प्रवासी बोटींवर सायकल घेतीलच याचा भरवसा धरू नका, शिवाय त्या पावसाळ्यात बंद असतात.

समजा तुम्ही चारच्या सुमाराची बोट धरली. तर जेट्टीवर तीनला पोचायचं. तो एक तास पंक्चरचा. पंक्चर झालं नाही तर जेट्टीवर बसून चहा प्या, कोणी अडवत नाही. अलिबाग ते मांडवा साधारण २० किलोमीटर, पण दुपारी समोरून वारा असतो, म्हणून दीड तास धरा. म्हणजे दीडला अलिबाग सोडायचं. त्याआधी जेवण आणि समुद्र यांना दीड तास. म्हणजे बाराला अलिबागमध्ये. वाशीपासून अलिबाग ८५ च्या आसपास. नवखे लोक असलेला ग्रुप सपाटीवर ताशी १८ ने चालतो, म्हणजे नुसती सायकल चालवण्याचे पावणेपाच तास. पनवेलचा चहा, पेणचा नाश्ता, मधले पाणी-लघवीचे थांबे यांना मिळून पावणेदोन तास. झाले साडेसहा. म्हणजे वाशी सोडायचं साडेपाचला.

साडेपाच म्हणजे साडेपाचला चाकं फिरली पाहिजेत. साडेपाचला येऊन हवा भरायला घेणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला पाचची वेळ सांगावी.

या वेळेचा आणखी एक फायदा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेपाचला निघालं की अंधारातला सगळा प्रवास पाम बीच रोड आणि सायन-पनवेल महामार्ग या दिव्यांच्या रस्त्यांवर होतो आणि पनवेलच्या पुढचा उघडा रस्ता लागेपर्यंत उजाडायला लागतं. चारला निघालेले लोक कर्नाळ्याच्या जंगलात मिट्ट काळोखात पॅडल मारत असतात. त्यात शौर्य काही नाही.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चमध्ये दहाच्या पुढे कोकणातला दमटपणा माणसाला पिळून काढतो, आणि वडखळ-अलिबाग रस्त्यावर सावली फार नाही. पावसाळ्यात रस्ता देखणा दिसतो, पण खड्डे पाण्याखाली जातात आणि बोट हवामानावर अवलंबून. पहिल्या राईडला नको.

वार रविवार. शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या तुमच्याबरोबर त्याच दिशेने अलिबागला निघालेल्या असतात. रविवारी सकाळी जाणारा रस्ता त्या मानाने मोकळा असतो आणि परतीची गर्दी तुम्ही बोटीवर बसून टाळता. लागून सुट्ट्या असलेला वीकेंड मात्र सरळ सोडून द्या.

तुमची तयारी किती हवी

दोन कसोट्या. एक, मागच्या महिन्याभरात तुम्ही एका दमात नाही, पण एका सकाळीत ६० किलोमीटर केलेले असावेत. दोन, दुसऱ्या दिवशी उठून जिना उतरता आला असावा. ६० झाले असतील तर १०५ होतात. उरलेलं खाणं, पाणी आणि बसायची जागा यांच्यावर आहे.

६० अजून झाले नसतील तर आधी छोटी आवृत्ती करा. सकाळच्या बोटीने सायकलसह मांडव्याला जा, अलिबाग गाठा, जेवा, परत या. ४० किलोमीटर होतात, बोटीचा सरावही होतो आणि हायवे लागत नाही. आमच्याकडे नवीन माणसाला आधी हेच करायला सांगतो.

सायकल कुठलीही चालेल. हायब्रिड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली) असेल तर उत्तम, रोड बाईक (बारीक टायरची) असेल तर टायर फार बारीक नसावेत, एमटीबी (जाड टायरची माउंटन बाईक) असेल तर टायरमध्ये हवा पुरेपूर भरा आणि पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर करा. गिअर नसलेल्या सायकलीवर ही राईड करणारे लोक आहेत, पण ते या लेखाचे वाचक नाहीत.

राईडच्या आठवडाभर आधी दुकानात दाखवून ब्रेक आणि गिअर नीट करून घ्या. आदल्या दिवशी नको. नवीन केबल पहिल्या काही दिवसांत थोडी ताणली जाते आणि गिअर आपोआप उड्या मारायला लागतो. नवीन सीट, नवीन बूट, नवीन चड्डी यांनाही हाच नियम. १०० किलोमीटरच्या दिवशी कुठलीही नवी गोष्ट अंगावर वा सायकलवर नको.

सीटच्या उंचीबद्दल एकच सांगतो, कारण नव्वद टक्के नवखे सीट खाली ठेवतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वात खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. गुडघा वाकलेलाच राहत असेल तर सीट वर घ्या. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला आरामात टेकतात म्हणून खाली ठेवलेली सीट पेणपर्यंत गुडघे धरते.

सोबत काय

हेल्मेट नसेल तर येऊ नका. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, दोन्ही चार्ज केलेले. पाण्याच्या दोन बाटल्या, एकात साधं पाणी आणि दुसऱ्यात ओआरएस. आपल्या मापाच्या दोन ट्यूब. आपल्या म्हणजे आपल्याच: शेजारच्याच्या २६ इंची एमटीबीची ट्यूब तुमच्या ७०० मापाच्या चाकाला उपयोगाची नाही. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, ॲलन की, जुना टूथब्रश, फडकं. ट्यूबला प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच. हायवेवरच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड तुमच्या बारीक व्हॉल्व्हला लागत नाही, आणि हे तिथे उभं राहून कळण्यात मजा नाही. थोडी रोख, ओळखपत्र, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

पॅड असलेली सायकलची चड्डी घालत असाल तर आत दुसरी चड्डी घालायची नाही. हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही आणि मग वडखळला लोक उभ्याने सायकल चालवताना दिसतात. मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन लावा.

पाठीवर सॅक नको. कोकणातल्या घामात पाठ आणि सॅक यांच्यामध्ये जे होतं ते वर्णन करण्यासारखं नाही. सीटखालची छोटी पिशवी आणि हँडलवरची एखादी पिशवी पुरते.

ग्रुपमध्ये कसं चालवायचं

पुढे एक लीड असतो, मागे एक स्वीप. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. एवढे दोन नियम पाळले तर अर्धे प्रश्न संपतात. दहा-बाराच्या वर माणसं असतील तर दोन गट करा, मध्ये थोडं अंतर ठेवा. पंचवीस सायकलींची सलग रांग ओलांडणं एसटीच्या ड्रायव्हरलाही अवघड जातं आणि तो मग मध्येच आत घुसतो.

लीडचं काम वेगाने जाण्याचं नाही. सगळ्यात संथ माणसाला झेपेल तो वेग धरणं हे त्याचं काम. म्हणून ग्रुपमधला सगळ्यात तगडा माणूस लीड नको, तो स्वीप हवा: मागे पंक्चर झालं तर तो थांबू शकतो, मदत करू शकतो आणि पुन्हा गाठू शकतो.

एकामागे एक चालायचं, हायवेवर शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. पुढच्या सायकलपासून निदान एका सायकलइतकं अंतर. तुमचं पुढचं चाक आणि त्याचं मागचं चाक कधीही एकमेकांच्या बाजूला येऊ देऊ नका. तो जरासा वळला की चाक घासतं, आणि पडतो तो मागचा. खड्डा दिसला की हाताने दाखवा आणि ओरडा: "खड्डा!" मागच्याला तुमच्यामुळे रस्ता दिसत नसतो. थांबायचं असेल तर आधी हात खाली करून सांगा, मग डांबर सोडून पूर्ण बाहेर या. रस्त्याच्या कडेला अर्धी सायकल डांबरावर ठेवून सेल्फी काढणाऱ्याला स्वीपने बोलावं. आम्ही बोलतो.

रस्ता: वाशी ते पनवेल

मुंबईकडचे लोक वाशीपर्यंत एकतर चालवत येतात किंवा हार्बर लाइनच्या पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून सायकल आणतात. सायकलचं लगेज तिकीट काढा. अटल सेतूचा विचार मनात आणू नका, तिथे दुचाकींनाही बंदी आहे, सायकलला तर आहेच.

वाशीहून पाम बीच रोड धरायचा. बेलापूरपर्यंत साधारण १० किलोमीटर, सपाट, रुंद, पहाटे रिकामा. रिकामा असल्यामुळेच गाड्या इथे सुसाट येतात, त्यामुळे डावी कड सोडू नका. नेरूळच्या बाजूला खाडीकाठी हिवाळ्यात फ्लेमिंगो असतात, पण साडेपाचच्या अंधारात ते दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सकाळ काढा.

बेलापूरला सायन-पनवेल महामार्गाला लागायचं आणि खारघर, कामोठे, कळंबोली करत पनवेल गाठायचं. हा या दिवसातला सगळ्यात नावडता तुकडा. उड्डाणपुलांच्या सुरुवातीला डावीकडून उतरणाऱ्या-चढणाऱ्या गाड्या तुमची कड कापतात. अशा ठिकाणी सगळ्यांनी एकत्र या, मागे बघा, हात दाखवा आणि एकदमच पार करा. कळंबोलीला डोळे उघडे ठेवा: एक्स्प्रेसवे तिथूनच सुरू होतो आणि त्यावर सायकलला बंदी आहे. पाटी पनवेल-गोव्याची बघायची, पुण्याची नाही.

पनवेलला पावणेसात. पहिला चहा इथे. चहाबरोबर एक केळं सगळ्यांनी खायचं, भूक नसली तरी.

रस्ता: पनवेल ते पेण

पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, लागतो. लगेच शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावात झाला. पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागला की गिअर हलका करायची तयारी ठेवा.

कर्नाळा अभयारण्याजवळचा चढ या राईडमधला पहिला चढ. लोक त्याची उगाच धास्ती घेतात. चढ लांब नाही आणि फार उभाही नाही. चुकतं एवढंच की लोक चढ लागल्यावर गिअर बदलायला जातात, तेव्हा चेनवर जोर असतो, चेन कुरकुरते आणि कधी उतरते. चढाच्या आधी, पाय अजून मोकळे फिरत असताना गिअर हलका करा. बसून चढा, पॅडल हलकं आणि भरभर फिरवा, श्वास लागला तर वेग कमी करा. पुढचा लांब गेला तर जाऊ द्या, वर सगळे थांबतात. दोन्ही बाजूला जंगल आहे, सकाळी गारवा असतो, पक्षी ओरडत असतात. दिवसातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच, तो धापा टाकत संपवू नका.

उतारावर ब्रेक एकदम दाबायचे नाहीत, दोन्ही मिळून थोडे-थोडे. पुढे खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल. पुलांच्या सांध्यांमध्ये बारीक चाक अडकू शकतं, सांधा काटकोनात ओलांडा.

रस्ता चौपदरी आणि रुंद आहे, पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे सायकलला जागा मिळते. पण त्याच जागेतून गावातल्या मोटरसायकली उलट्या दिशेने येतात. हेडफोन लावणाऱ्यांना ग्रुपमधून घरी पाठवा.

हमरापूर, जोहे ही गणपतीच्या मूर्तींची गावं याच वाटेवर. पेणचे गणपती म्हणून जगभर जातात ते या सगळ्या पट्ट्यात घडतात. पेणला नऊच्या आसपास पोचलात तर दिवस ताब्यात आहे.

पेणचा नाश्ता म्हणजे पाऊण तास. पोहे, इडली, उसळ-पाव यांपैकी काहीही, मिसळ मात्र कट कमी घालून. पेणचे पापड आणि पोहे घरी न्यायचे असतील तर पुढच्या खेपेला गाडीने या. इथेच प्रत्येकाला विचारा: पुढे येणार की नाही? पेणला रेल्वे स्टेशन आहे, पनवेलकडे गाड्या आहेत, एसटी आहे. पुढे अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. कोणाचा गुडघा दुखत असेल, कोणाला चक्कर वाटत असेल, तर परत फिरायची बरी जागा हीच. इथे सोडणाऱ्याला हसणाऱ्याला पुढच्या राईडला बोलवू नये.

पंक्चर, कारण ते होणारच

हायवेवरच्या पंक्चरचं कारण बहुतेक वेळा खिळा नसतो. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेला पडतात, आणि कडेनेच सायकली जातात. तार इतकी बारीक असते की बाहेरून दिसत नाही. नवखा माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो, आणि दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं, कारण तार टायरमध्येच असते.

तेव्हा ट्यूब काढल्यावर घाई करू नका. आधी जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, गालाजवळ फिरवा, हवा कुठून येते ते कळतं. ट्यूब टायरशेजारी धरा, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून, म्हणजे टायरवर तार साधारण कुठे असेल ते समजतं. मग फडकं बोटाला गुंडाळून टायरच्या आतून हळू फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे तार. ती नखाने निघत नाही, छोटा चिमटा लागतो. चिमटा ही किटमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी वस्तू. टायर परत बसवताना शेवटचा भाग पट्टीने नको, अंगठ्यांनी ढकला. पट्टीने नवी ट्यूब चिमटली जाते.

हे सगळं घरी, पंख्याखाली, एकदा करून बघा. मागचं चाक. पुढचं सगळ्यांना जमतं. मागचं काढण्याआधी चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणून ठेवायची, म्हणजे चाक सहज सुटतं आणि सहज बसतं.

एकाचं पंक्चर म्हणजे सगळ्यांनी थांबायचं का? नाही. स्वीप आणि आणखी एक जण थांबतात, बाकीचे हळूहळू पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जातात. बाराजण रस्त्याकडेला गोल करून सल्ले देत उभे राहिले की वीस मिनिटांच्या कामाला चाळीस लागतात.

रस्ता: पेण ते अलिबाग

पेणपासून वडखळ आठेक किलोमीटर. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे, त्यामुळे अवजड ट्रक भरपूर आणि रस्त्यावर धूळ. चष्मा घाला. वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे वेगळा होतो. पाटी चुकलात तर नागोठण्याच्या वाटेला लागाल आणि गोवा अजून लांब आहे. लीडने इथे थांबून सगळ्यांना वळवायचं, शेवटचा येईपर्यंत.

पुढचा रस्ता अरुंद. धरमतर खाडीचा पूल ओलांडला की खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतली, भातखाचरं, वाऱ्यात मिठाचा वास. याच भागात, पोयनाडजवळच्या चरीला, खोती या जमीनदारी पद्धतीविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप १९३३ साली सुरू झाला आणि सहा वर्षं चालला. पोयनाडला पाणी भरून घ्या, एक चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. पेणला पोटभर खाल्लंय म्हणून इथे न खाणारे कार्ले खिंडीत बसतात. सायकलवर भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाला दोन खजूर, दर पंधरा मिनिटांना पाण्याचे दोन घोट, असं घड्याळ लावून करा.

दहा-साडेदहानंतर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि तो समोरूनच येतो. वाऱ्याशी भांडायचं नाही. एक गिअर हलका करा, अंग थोडं खाली घ्या, ग्रुपने जवळजवळ चाला आणि पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी बदला. पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नाही. इथे ताशी १५ चा वेग पडला तरी हिशेबात तो धरलेला आहे.

कार्ले खिंड हा शेवटचा चढ. छोटा आहे, पण पाऊणशे किलोमीटर झालेल्या पायांना मोठा वाटतो. उतरून सायकल ढकलली तरी चालेल. खिंड उतरली की फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, चवीला गोडसर. एक वेणी हँडलला बांधून आणण्याची प्रथा आमच्या ग्रुपमध्ये आहे. वजनाची तक्रार दुसऱ्या कोणाकडे करायची नाही.

अलिबागमध्ये दीड तास

समुद्र बघा, पाय बुडवा, सायकल बुडवू नका. ओहोटीला वाळू घट्ट असते आणि चालवायचा मोह होतो. खारं पाणी आणि बारीक वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरली की पुढच्या महिन्यात दुकानाचं बिल येतं. सायकल वर बांधावर कुलूप लावून ठेवा, एक जण पाळीने थांबा.

समोर कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला चालत जाता येतं, पण भरतीचं गणित आणि बोटीचं गणित एकाच दिवशी जुळवायला जाऊ नका. किल्ल्यासाठी मुक्कामी या. किनाऱ्यावरच्या चुंबकीय वेधशाळेकडे एक नजर टाका: मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये हे काम इथे आलं.

जेवण हा खरा सापळा. सुरमईची थाळी, सोलकढी, वर भात, आणि मग डोळे मिटायला लागतात. अजून २० किलोमीटर उन्हात आणि वाऱ्यात जायचंय. भात अर्धा, मासा एक, सोलकढी हवी तेवढी. बिअर मांडव्यालाही नको, थेट घरी.

अलिबाग ते मांडवा, आणि बोट

दीडला निघा. थळ, चोंढी, झिराड करत रस्ता उत्तरेला जातो. छोट्या चढउतारांचा, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, थोडी सावली असलेला. चोंढीहून किहीमला फाटा आहे, पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास तिथेच केला. या रस्त्यावर बंगलेवाल्यांच्या मोठ्या गाड्या अरुंद वळणांवर जोरात येतात. दमलेलं अंग आणि "आता काय, पोचलोच" ही भावना, पडण्याचे प्रकार आम्ही याच तुकड्यात जास्त पाहिले आहेत. लीडने इथे मुद्दाम वेग कमी ठेवावा.

जेट्टीवर तिकिटं एकानेच काढावीत, सायकली मोजून. बोटीत सायकली खाली गाड्यांच्या डेकवर राहतात. कर्मचारी सांगतील तिथे, भिंतीला टेकवून, एकमेकींना दोरीने किंवा इलास्टिकच्या पट्ट्याने बांधा. डिरेलरची (मागच्या चाकाजवळच्या गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू भिंतीकडे नको. पाण्याच्या बाटल्या आणि दिवे काढून वर न्या. वर गेल्यावर पहिलं काम पाणी पिण्याचं, दुसरं ओला टीशर्ट बदलण्याचं. डेकवर वारा गार असतो आणि घामाने भिजलेला माणूस अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीमागे येतात, फोटो तेव्हा काढा.

भाऊच्या धक्क्याहून बाहेर पडताना ट्रक आणि मासळीच्या गाड्यांची गर्दी असते, रस्ता निसरडा असतो. हार्बरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ आहे. रविवारी संध्याकाळी मालडब्यात जागा मिळू शकते. चालवतच घरी जायचं असेल तर दिवे लावा आणि ग्रुपवर "पोचलो" टाका. स्वीपची ड्युटी शेवटचा "पोचलो" येईपर्यंत संपत नाही.

घरी आल्यावर आंघोळीआधी सायकल. खाऱ्या हवेत दिवस गेलाय, चेनवर मीठ बसलेलं असतं. ओल्या फडक्याने फ्रेम आणि चाकं पुसा, चेन कोरड्या फडक्यातून उलटी फिरवून पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून काढा. गाडी धुण्याचा प्रेशरचा पाइप हबवर आणि पॅडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं. आणि वापरलेल्या ट्यूबच्या जागी किटमध्ये नवी टाका, त्याच रात्री.